न्हाणीच्या पाण्यावरचा सोनटक्का

महाड-पोलादपूरकडच्या जुन्या घरांना वेगळी बाग अशी नसते. पुढच्या अंगणात तुळस, जास्वंद, फार तर अबोलीची दोन रोपं. खरी हिरवाई मागीलदारी, न्हाणीचं पाणी जिथे जाऊन जिरतं तिथे. चार पानं अळू, एखादी कर्दळ, कडेला केळ आणि त्यांच्या दाटीत सोनटक्का. त्याला मुद्दाम पाणी कुणी घालत नाही. घरातल्यांच्या आंघोळी झाल्या की त्याचं पाणी झालं. बेट भरगच्च असेल तर घरात माणसं आहेत म्हणून समजावं. मुलगे-सुना मुंबईला गेले आणि मागे दोन म्हातारे जीव उरले, की बेटही अंग चोरायला लागतं.

सावित्रीच्या खोऱ्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, पण जवळजवळ सगळा चार महिन्यांत. मे महिन्यात याच पोलादपूर तालुक्यातल्या डोंगरावरच्या वाड्या टँकरची वाट बघतात. अशा मुलखात टिकायचं तर जमिनीखाली काहीतरी शिल्लक टाकलेली असावी लागते. सोनटक्का आल्या-हळदीच्या कुळातला, त्याची शिल्लक गड्ड्यात. दिवाळीनंतर दांडे पिवळे पडून कलंडतात, उन्हाळ्यात जागेवर नुसता पाचोळा दिसतो. नवख्याला वाटतं, मेलं. मृगाचं पाणी पडलं की आठ-पंधरा दिवसांत तांबूस-हिरवे कोंब माती उचलून वर येतात.

राखण म्हणावी तर थोडकीच, पण ती नेमकी हवी. एका दांड्याला फुलोरा एकदाच येतो. तो संपला की दांडा बुडातून कापावा, नाहीतर बेट नुसतं माजतं. लावताना गड्डा आडवा ठेवावा, डोळे वर, अंगावर दोन बोटं माती. खोल पुरला तर रुसतो. सकाळचं ऊन त्याला मानवतं, दुपारच्या उन्हानं पानांची टोकं करपतात, आणि पार सावलीत ठेवलात तर पानंच पानं, फूल नाही. तीन-चार वर्षांनी बेट मधून भाकड होतं, फुलं फक्त कडेला येतात. तेव्हा ते उकरून मोकळं करायचं आणि जादा गड्डे वाटायचे. विकत मात्र कुणी मागत नाही आणि कुणी देत नाही. फूल बाजारात नेण्याजोगंच नाही, महाडच्या पेठेपर्यंत पोचेतो ते मान टाकतं.

ते फूल एकदा हातात घेऊन बघावं. हिरव्या खवल्यांचं कणीस असतं, एकेका खवल्यातून पाळीपाळीनं कळ्या निघतात. दिवसभर सुरळी होऊन बसलेली कळी दिवेलागणीला उमलते. बोटभर लांब, दोऱ्यासारखी बारीक नळी, आणि तिच्या टोकाला पांढरं फूल. सर्वांत रुंद, मधोमध चिरलेली जी पाकळी वाटते, ती पाकळी नव्हेच. रूप पालटलेले पुंकेसर आहेत ते. खरा पुंकेसर एकच, आणि स्त्रीकेसर त्याच्याच दोन कप्प्यांमधून वाट काढत वर येतो. मध नळीच्या तळाशी. तिथवर पोचायला लांब सोंडेचे पतंग लागतात, म्हणून हा सगळा वास रात्रीसाठी राखलेला. आपल्याला मिळतो तो वरकड. दुसऱ्या दिवशी फूल पिवळट पडतं.

भादव्यात चाकरमानी गावी येतात तेव्हा बेट ऐन भरात असतं. गौरीला मान तेरड्याचा. सोनटक्का बायकांच्या अंबाड्यात. माझ्या आजीची रीत अशी, की कळ्या उन्हं कलायच्या आधी खुडायच्या, ओल्या फडक्यात गुंडाळायच्या आणि आरतीला बसताना सोडायच्या. एक फूल पुरे. दोन माळणारीला ती ‘डोकं दुखेल हो’ म्हणून टोकायची, आणि खरंच दुखायचं.

पूर्व हिमालयाकडचं हे झाड, पण आज ते क्यूबाचं राष्ट्रीय फूल आहे. स्पेनविरुद्धच्या लढ्यात तिथल्या बायका या फुलांत चिठ्ठ्या लपवून नेत, असं सांगतात. हवाई आणि ब्राझीलमध्ये मात्र ओढ्याकाठी इतकं माजलं, की तिथले लोक ते उपटून काढतात. आपल्याकडे त्याला आवरायला एप्रिल-मे पुरेसे आहेत.

२२ जुलै २०२१च्या पुरात महाडात घरंच्या घरं गाळानं भरली. त्याच दिवशी तळिये गाव दरडीखाली गेलं. त्यापुढे फुलाचं बोलायला जीभ रेटत नाही. तरी बघितलेलं सांगते. ओळखीच्या एका घरी मागच्या दारचं बेट गाळात पार गाडलं गेलं होतं. पुढच्या पावसाळ्यात त्या गाळातून कोंब निघाले. पुरानं जे केलं नाही ते पुढे डागडुजीनं केलं: न्हाणीला पाइप लागला, शोषखड्डा झाला, मागीलदारी पेव्हर ब्लॉक बसले. सोय झाली, चिखल गेला, डास कमी झाले; त्याबद्दल तक्रार करणं म्हणजे ज्या बाईनं जन्मभर ती मोरी उपसली तिच्यावर अन्याय. पण आंघोळीचं पाणी आता अंगणाला न भेटताच जमिनीत जातं.

त्या घरच्या काकूंनी ब्लॉक बसवायच्या आधी गड्डे उकरून घेतले. थोडे बुडाला भोक नसलेल्या जुन्या बादलीत लावले. ओल त्याला सोसते, कुंडीपेक्षा बरी. ती बादली आता कपडे धुवायच्या दगडाजवळ असते. बाकीचे गोणपाटात बांधून पडवीत ठेवलेत, मागेल त्याला द्यायला. मी मागितले तेव्हा म्हणाल्या, “ने की. पण आधी सांग, तुझ्या मोरीचं पाणी कुठं जातं?”