सुरगाठ

वस्तू आल्या की मी आधी परात काढते. आईची पितळी परात. कणकेसाठी आता ती कुणी घेत नाही. तिच्यात सगळं मोकळं मांडायचं आणि दोन दिवस हात लावायचा नाही, येता-जाता नुसतं पाहायचं. कोणती वस्तू कुणाशेजारी बसते, कोणती एकटीच बरी, हे त्या दोन दिवसांत कळत जातं. घाई केली की विणलेलं उसवावं लागतं.

मागच्या दिवाळीनंतर अंजनगावकडच्या एक बाई अकोल्याला माझ्याकडे आल्या. हातात बिस्किटांचा चौकोनी डबा. "ताई, माय-बाबाचं एवढंच रायलं जी. भाऊ म्हणते फेकून दे, मले फेकवत नाही." डबा परातीत रिकामा केला. शकुंतला रेल्वेचं पुठ्ठ्याचं तिकीट. बैलाच्या घागरमाळेतलं एक घुंगरू. भोकाचा पैसा. आईच्या लुगड्याचा हातभर काठ. हिरव्या बांगडीचा अर्धा तुकडा. वडिलांच्या चष्म्याची सुटी काच. शर्टाची दोन शिंपल्याची बटणं. आणि एक किल्ली. किल्ली कशाची, ते त्यांना ठाऊक नव्हतं, भावालाही नव्हतं.

अशा वस्तू एका कड्यात विणून द्यायच्या, हे माझं काम. बाजारात त्याला ड्रीमकॅचर म्हणतात. मी आठवणींचं जाळं म्हणते. ही कला मुळात आपली नाही, हे येणाऱ्याला मी आधी सांगते. उत्तर अमेरिकेतल्या मोठ्या सरोवरांच्या आसपास राहणाऱ्या ओजिब्वे लोकांची ती. त्यांच्या भाषेत कोळ्याला जो शब्द आहे, तोच या जाळ्याला. फ्रान्सिस डेन्समोर या अभ्यासक बाईंनी त्यांच्या चालीरीतींवर 1929 साली पुस्तक छापलं. त्यात या जाळ्याचं जे वर्णन आहे ते बाजारातल्या वस्तूपेक्षा फार साधं आहे: साडेतीन इंचांचं लाकडी कडं, त्यात बारीक, बहुधा तांबड्या धाग्याचं जाळं, आणि तान्ह्या बाळाला ज्या फळीला बांधून पाठीवर नेत, तिच्या कमानीला अशी दोन जाळी टांगलेली. पूर्वी तो धागा एका खाजऱ्या झुडपाच्या देठांपासून काढत आणि मुळं-साल उकळून रंगवत. हवेतलं जे काही वाईट असेल ते बाळापर्यंत पोचण्याआधी जाळ्यात अडकावं, एवढंच त्यामागे होतं. पिसांचे झुपके आणि गाडीच्या आरशाला लोंबणारं रूप बरंच अलीकडचं.

हे वाचलं तेव्हा मला अमरावतीच्या घरातला पाळणा दिसला. त्यावर चिमणाळं टांगलेलं असे. कापूस भरलेल्या कापडी चिमण्या, एक राघू, मध्ये घुंगरू. त्याच्या बाजूला काळ्या दोऱ्यात ओवलेला बिब्बा. बाळ झोपेत हसलं की आजी म्हणायची, सटवाई हसवून रायली. झोपेत दचकलं की पाळण्याची दोरी धरून ती बराच वेळ काही न बोलता बसून राहायची. सरोवराकाठची ती आई आणि आमची आजी, दोघींनी बाळाच्या डोक्यावर काहीतरी टांगलं, कारण झोपलेल्या लेकराच्या आत काय चाललंय तिथे आईचा हात पोचत नाही. म्हणून मी हे काम हाती घेतलं. मात्र याने वाईट स्वप्नं अडतात असं मी कधी कुणाला सांगितलेलं नाही. गाडगेबाबांच्या जिल्ह्यात वाढलेल्या बाईला ते सांगणं जमणार नाही.

कडं मी निर्गुडीचं करते. ते लोक वाळुंजीची फांदी घेतात. आपल्याकडे ओढ्याकाठी निर्गुडी मुबलक, आणि ओली असताना तीही तशीच ऐकते. पावसाळा सरताना करंगळीएवढी जाड फांदी घ्यायची, पानं उतरवायची आणि गुडघ्यावर टेकवून थोडीथोडी वाकवत न्यायची. टोकं चार बोटं एकमेकांवर चढवून सुतळीनं आवळायची. मग सावलीत आठ-दहा दिवस. अकोल्याच्या उन्हात ठेवली तर दुपारपर्यंत तडकलीच समजा. निर्गुडी नसली तर बुरडाकडून बांबूची कमची आणते, पण तिला स्वतःचा बाक नसतो, तो आपल्याला द्यावा लागतो.

कड्यावर आठ जागा ठरवायच्या असतात. त्यासाठी कंपास लागत नाही. दोरा कड्याभोवती एक पूर्ण वेढा देऊन तोडायचा आणि तीनदा दुमडायचा. दुमडलेला तुकडा म्हणजे बरोबर आठवा भाग. तो कड्याला लावत लावत पुढे गेलं की खडूच्या आठ खुणा होतात. सहा पदरी सुती दोरा घ्यायचा, मेणाच्या वडीवरून दोनदा ओढायचा. आठ इंचांच्या कड्याला तीन-साडेतीन मीटर पुरतो. पहिल्या खुणेवर बांधला की पुढच्या खुणेवर कड्यावरून मागे टाकायचा आणि स्वतःच्याच फासातून पुढे काढायचा. पहिला फेरा सैल ठेवायचा, इतका की बोट लावलं तर झोका हलल्यासारखा हलावा. दुसऱ्या फेऱ्यात दोरा कड्यावर जात नाही. पहिल्या फेऱ्यातल्या प्रत्येक झोक्याच्या मधोमध अडकतो आणि त्याला आत ओढतो. तिसरा दुसऱ्याला. असं आत आत जाताना आधीचा सैलपणा ताणात बदलत जातो. पहिलाच फेरा ताठ ओढला तर चौथ्यापर्यंत कडंच वाकडं होतं. शिकायला येणाऱ्या मुलींना हा सैलपणा सगळ्यात जड जातो. त्यांना पहिल्या फेऱ्यातच सुंदर दिसायला हवं असतं.

वस्तूला भोक पाडायचं नाही. गोंद लावायचा नाही. कात्रीही लावायची नाही. हा नियम मी एकदा चुकून शिकले. तीन वर्षांपूर्वी अमरावतीच्या एका घरातून अशीच आजोबांच्या चष्म्याची काच आली होती. कडेला बारीक भोक पाडून ओवू म्हणून मी हातातला छोटा ड्रिल घेतला, पाण्याचा थेंब टाकत टाकत जपून चालवला, आणि शेवटच्या क्षणी काच आरपार तडकली. आवाज अगदी लहान झाला. ती काच पन्नास वर्षं कुणीतरी रोज धोतराच्या सोग्यानं पुसली होती. मी त्यांच्या घरी जाऊन, तुकडे रुमालात घेऊन, माझ्या हातून झालं म्हणून सांगितलं. त्या घरातल्या सुनेनं चहा दिला, एक शब्द लागेल असा बोलली नाही. परतताना बडनेऱ्याला गाडीची वाट पाहत बसले होते, तेव्हा ठरवलं की दुसऱ्याच्या वस्तूत आपण नवी जागा करायची नाही. तिची असलेली जागा शोधायची.

शोधली की ती बहुतेक सापडतेच. बटणाला भोकं असतात. घुंगराला कडी असते. किल्लीच्या डोक्याला खिंड असते. आणि भोकाचा पैसा तर नावातच भोक घेऊन आलेला. महायुद्धात धातू वाचवायला सरकारनं 1943 ते 1947 या वर्षांत मधोमध मोठं भोक असलेला तो पैसा काढला. या बाईंच्या पैशाची आतली कड एका बाजूनं झिजून गुळगुळीत झाली होती. कुणाच्या तरी करगोट्यात तो वर्षानुवर्षं असावा. मी माझा दोरा त्याच झिजल्या बाजूनं घेतला.

तिकिटानं मात्र दोन दिवस घेतले. शकुंतला म्हणजे अडीच फुटी रुळांची गाडी. वऱ्हाडातला कापूस वाहून न्यायला विलायती कंपनीनं टाकलेला मार्ग, मूर्तिजापूरहून एक फाटा यवतमाळला आणि एक दर्यापूर, अंजनगाव करत अचलपूरला. मँचेस्टरला घडलेलं वाफेचं इंजिन तिला 1994 पर्यंत ओढत होतं. गाडी थांबून आता बरीच वर्षं झाली. बाईंचे वडील मूर्तिजापूरला मास्तर होते, शनिवारी तिच्यानं घरी यायचे, सोमवारी परत. गाडी इतकी हळू चाले, की पऱ्हाटीच्या वावरात कोण निंदतंय ते ओळखता येई, असं ते सांगत. तिकीट जाड पुठ्ठ्याचं, सव्वादोन इंचांचं. भोक पाडलं तर पुठ्ठा पदर पदर होऊन सुटणार. उजेडात धरलं तेव्हा कडेला एक बारीक खाच दिसली. तिकीट तपासनिसाच्या चिमट्यानं घेतलेला चावा! तिकीट वापरलं गेलं, माणूस खरंच गाडीत बसला होता, याची ती खूण. दोरा त्या खाचेत बसवला, पाठीमागून नेऊन समोरच्या कडेवर फुलीत घेतला, आणि तिकीट जाळ्यात असं बसलं की हलवलं तरी सुटेना. छापील अक्षर एकही झाकलं नाही.

काचेला खाचही नसते, कडीही नसते. तेव्हा आजीच्या स्वयंपाकघरातलं शिंकं आठवलं. दह्याच्या गाडग्याला कुणी भोक पाडत नाही, तरी ते आढ्याला लोंबतं. चार दोर, खाली एक वेढा, वर एक गाठ. गाडगं स्वतःच्याच वजनानं त्यात घट्ट बसतं. मी काचेसाठी तसंच इवलंसं शिंकं विणलं. मागून चौकडी, कडेनं वेढा, वर दोर एकत्र. आता ती काच जाळ्याच्या मधल्या मोकळ्या गोलात लोंबते, आणि सकाळी खिडकीतून ऊन आलं की भिंतीवर तिचा लहान उजेड पडतो. अमरावतीच्या त्या घरी मी नंतर गेले, त्या तुकड्यांसाठी शिंकं करून देते म्हणाले. त्यांनी दिले. दोन तुकडे दोन शिंक्यांत आहेत.

बांगडीच्या तुकड्याबद्दल बाई जरा संकोचल्या होत्या. काच फुटली असं आपण म्हणत नाही, बांगडी वाढली म्हणतो; मग वाढलेली बांगडी घरात टांगावी का, असं त्यांच्या नणंदेनं विचारलं होतं. मी त्यांना गाडगेबाबांचं चित्र दाखवलं. एका कानात कवडी, दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीची काच, अंगावर चिंध्यांची गोधडी. शेंडगावात 1876 साली जन्मलेला हा माणूस आयुष्यभर लोकांनी टाकून दिलेलं अंगावर घालून हिंडला आणि गावं झाडत राहिला. कशाला अपशकुन म्हणायचं आणि कशाला नाही, हे वऱ्हाडात आम्हाला त्यांच्याहून कुणी जास्त शिकवायचं नाही. बाई चित्राकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "बसवा." तुकड्याची टोकं काचकागदावर पाण्यात घासून बोथट केली, एवढंच, बाकी त्याचा बाक कड्याच्या बाकाला लागून असा जुळला की दुसरी जागा शोधावीच लागली नाही.

लुगड्याचा काठ कड्याच्या वरच्या अर्ध्या भागाला तिरका गुंडाळला. पुरला तेवढा पुरला. खाली निर्गुडी उघडी राहिली. पिसं मी लावत नाही. मेळघाटच्या रानातून पीसच काय, काडीही उचलून आणू नये असं माझं मत आहे, आणि बाजारातली रंगवलेली कोंबडीची पिसं त्या माणसांच्या वस्तूंशेजारी परकी दिसतात. त्याऐवजी खाली कापसाची वाळकी बोंडं बांधते. वेचणी झाल्यावर पऱ्हाटीवर राहिलेली ती पाच पाकळ्यांची टरफलं वाऱ्यात एकमेकांवर आपटून कोरडी वाजतात. कुणाच्याही घरचं वावर असेल तर मी म्हणते, बोंडं तुम्हीच आणा.

जाळं शेवटी मधल्या गोलाशी संपतं आणि तिथे मी निरगाठ मारते. सगळ्या कामात निरगाठ ती एकच. बाकी प्रत्येक वस्तू सुरगाठीवर असते: एक टोक ओढलं की सुटेल अशी, पण वजनानं किंवा वाऱ्यानं कधी सुटणार नाही अशी. ही गाठ जमायला मला एक वर्ष लागलं. गोधडी शिवणाऱ्या आमच्या मावश्या लांब लांब टाके घालत, त्याचं कारण मला तेव्हा उमगलं. आतलं लुगडं विरलं की टाके उसवून नवा पदर घालता यावा, म्हणून ते घट्ट नसत. आठवणीच्या वस्तूही घरच्यांच्याच असतात. त्यांना उद्या लागल्या तर माझं विणकाम आड येऊ नये.

या बाईंचं जाळं संक्रांतीच्या सुमारास पूर्ण झालं. किल्ली मी खालच्या डाव्या अंगाला, घुंगराजवळ ठेवली होती, कारण परातीत दोन्ही दिवस ती तिथेच बसल्यासारखी वाटत होती.

पोळ्याच्या चार दिवस आधी त्यांचा फोन आला. अचलपूरच्या जुन्या घराची माळवदाची खोली उतरवायला काढली होती, भिंतीतल्या कोनाड्यामागे पत्र्याची पेटी निघाली. कुलूप पितळी. भाऊ म्हणाला, तोडू; त्या म्हणाल्या, थांब. दुसऱ्या दिवशी दोघं भाऊ-बहीण जाळं जुन्या धोतरात गुंडाळून माझ्याकडे घेऊन आले. भाऊ दारातच उभे राहिले, चपला काढू की नको अशा अंगानं. "ताई, हे सुटते का? नाही त राहू द्या, कुलूप तोडून घेतो मी."

जाळं परातीत ठेवलं. किल्लीच्या खिंडीतून आलेलं दोऱ्याचं टोक बोटानं चाचपून काढलं आणि ओढलं. एका ओढीत गाठ सुटली, किल्ली परातीत पडली, आणि पितळेवर पितळ वाजलं. बाजूचं घुंगरू हललं सुद्धा नाही. भावानं किल्ली उचलून शर्टाला पुसली, खिशात टाकली, पुन्हा काढून मुठीत धरली.

पेटीत काय निघतं ते कळवा, असं मी म्हणाले नाही. दोऱ्याचं मोकळं टोक कापलंही नाही. त्याला मेण लावलं, जाळ्याच्या मागच्या बाजूला फासात सैल अडकवून ठेवलं, आणि धोतरात गुंडाळून जाळं बाईंच्या हाती दिलं.