गुटी कलम आणि झुडपाची नवी घडण

परभणीतील घराभोवतीच्या बागांत जास्वंद किंवा क्रोटन काही वर्षांत उंच वाढतो, खालच्या फांद्या उघड्या पडतात आणि पालवी केवळ शेंड्याकडे उरते. असे झुडूप थेट छाटले तर भरलेला शेंडा वाया जातो. म्हणून छाटणीआधी त्या शेंड्यावर गुटी बांधणे, म्हणजे फांदी झाडावर असतानाच तिला मुळे फुटू देणे, अधिक शहाणपणाचे ठरते.

पेन्सिलीएवढ्या जाडीच्या निरोगी फांदीवर डोळ्याच्या लगेच खाली सुमारे अडीच सेंटिमीटर रुंदीची साल गोलाकार काढतात. सालीतून खाली उतरणारी शर्करा आणि शेंड्यात तयार होणारी संजीवके, म्हणजे वाढीचे नियमन करणारी द्रव्ये, कापाच्या वरच्या काठाशी साचतात, तर आतल्या काष्ठातून पाणी वर चढतच राहते. त्यामुळे फांदी हिरवी राहते आणि मुळे नेमकी त्या वरच्या काठालाच फुटतात. उघड्या काष्ठावरचा निसरडा थर सुरीने पूर्ण खरवडावा लागतो, कारण तो राहिला की साल पुन्हा जुळते. नवशिक्याची गुटी बहुधा येथेच फसते. मग भिजवून मुठीत घट्ट पिळलेले शेवाळ कापाभोवती बसवून त्यावर प्लास्टिकची पट्टी गुंडाळतात व दोन्ही टोके सुतळीने आवळतात.

मे महिन्यात परभणीचा पारा ४० अंशांपुढे जातो आणि शेवाळ वाळते, म्हणून मृगाच्या पावसानंतरचे दिवसच या कामाला मानवतात. डाळिंबाची रोपे मुख्यतः गुटीनेच तयार होतात, आणि तेल्या रोग असलेल्या झाडावरून गुटी घेतल्यास तोही रोपाबरोबर नव्या बागेत जातो. शोभेच्या झुडपांतही मातृझाड तितक्याच काळजीने पारखावे.

साधारण दीड-दोन महिन्यांत प्लास्टिकमधून मुळांचे जाळे दिसू लागल्यावर फांदी गुटीच्या खाली कापतात. मूळ झुडपाचा खरा आकार मात्र त्यानंतर ठरतो: उरलेले खोड गुडघ्याएवढ्या उंचीवर छाटले की शेंड्याचा दाब हटून खालचे सुप्त डोळे फुटतात आणि झुडूप बुंध्यापासून भरू लागते. नव्या रोपाची निम्मी पाने काढून ते सावलीत ठेवावे. येथील काळ्या मातीत पाणी तुंबते, म्हणून कुंडीत तिच्यात वाळू आणि कुजलेले शेणखत सढळ हाताने मिसळावे.