पाच वॅटची हौस

शेतकऱ्याच्या घरात हौस हा शब्द जरा जपूनच उच्चारावा लागतो. पेरणी तोंडावर आली असताना कोणी हौसेची गोष्ट काढली तर घरातली वडील माणसे नुसती तोंडाकडे बघतात. तरीही हौस कुठे थांबते? कोणाला भजनाची असते, कोणाला कुस्तीची, कोणाला शंकरपटाची. माझी हौस यांपैकी कशातच बसत नाही. मी घरी जुळवलेल्या लहानशा यंत्रावरून बिनतारी संदेश पाठवतो आणि दूरदूरच्या अनोळखी माणसांचे संदेश घेतो. यंत्राची ताकद पाच वॅटच्या आत. घरातला एलईडी दिवा नऊ वॅटचा असतो, म्हणजे माझे सारे दुकान त्याच्या जवळजवळ निम्म्यावर चालते.

आमचे गाव बुलढाणा जिल्ह्यात घाटाखाली, मलकापूरच्या अंगाला. अंगणातल्या कडुलिंबापासून गोठ्यामागच्या बांबूपर्यंत मी तांब्याची तार ताणली, तेव्हा शेजारचे आप्पा काठी टेकत आले.

"काऊन गुरुजी, हे तार कायले बांधली? कपडे वाळू घालाले का?"

मी म्हटलं, "नाही आप्पा, याच्यावर दूरच्या माणसांशी बोलतो."

"मंग मोबाईल कायले घेतला?"

प्रश्न रास्त होता. बोटाने स्पर्श केला की अमेरिकेतला भाचा समोर दिसतो, मग ही उठाठेव कशाला? आप्पांना त्या दिवशी चहा पाजून वेळ मारून नेली. पण वाचकांना सविस्तर उत्तर दिले पाहिजे.

विजेवाचून बोलणारा डबा

ही गोडी लागली ती एका डब्यामुळे. जळगावचे आकाशवाणी केंद्र १९७६ साली सुरू झाले, त्या सुमाराची गोष्ट. घरात रेडिओ नव्हता आणि तेव्हा रेडिओ ठेवायचा तर पोस्टात परवान्याचे पैसे भरावे लागत. शाळेतल्या विज्ञानाच्या सरांनी आम्हाला क्रिस्टल सेट करायला शिकवले. पुठ्ठ्याच्या नळीवर तांब्याच्या तारेचे वेढे, मोडक्या रेडिओतला गँग कंडेन्सर, ओए ७९ नावाचा मुगाएवढा डायोड आणि कानाला लावायचा हेडफोन. एक तार झाडावर, दुसरी ओल्या जमिनीत ठोकलेल्या लोखंडी कांबीला. सेल नाही, वीज नाही. संध्याकाळी कानाशी धरले तेव्हा आतून अगदी बारीक आवाजात माणूस बोलत होता.

केंद्रातून निघालेल्या लहरींचा जो कणभर अंश आपल्या तारेवर पडतो, त्याच्याच जोरावर हा सेट बोलतो. या विद्येची पायवाट पाडणाऱ्यांत आपले जगदीशचंद्र बोसही होते. शिशाच्या खनिजाचा खडा वापरून लहरी ओळखण्याच्या त्यांच्या युक्तीला १९०४ साली अमेरिकेत पेटंट मिळाले. दगडाचा तुकडा लहरी ओळखतो, हे त्या वयात कळले आणि मन तिथेच अडकले.

तारेची भाषा

दुसरी ओढ तारेची. आमच्या लहानपणी तार म्हणजे धसका. सायकलवरून तारवाला गल्लीत शिरला की बाया चूल सोडून दारात येत. मजकूर बहुधा इंग्रजीत, वाचायला माणूस शोधावा लागे, आणि वाचण्याआधीच घरात रडणे सुरू होई. माझ्या आजोबांच्या जाण्याची बातमी अशीच आली. पुढे तालुक्याच्या पोस्टात तारमास्तरांच्या टेबलाजवळ उभा राहून मी ते कडकट्ट ऐकले. आमच्या घरावर कोसळलेले दुःख याच आवाजातून आले होते. पण त्या आवाजाचा राग आला नाही, तो शिकावासा वाटला. तारमास्तर भला माणूस. दुपारी काम कमी असले की एकेक अक्षर सांगत. कट्ट म्हणजे आखूड, कड म्हणजे लांब. 'ए' म्हणजे कट्ट-कड, 'एन' म्हणजे कड-कट्ट. ते म्हणत, डोळ्यांनी पाठ करू नको, कानांनी कर.

पुढे शिक्षकाची नोकरी लागली. नागपूरला जाऊन हौशी रेडिओची परीक्षा दिली आणि परवाना मिळाला. परवान्याशिवाय एक कट्टसुद्धा हवेत सोडणे गुन्हा आहे, हे इथेच सांगून ठेवतो. १९७८ च्या नियमांनी परवान्यासाठी किमान वय १२ वर्षे ठेवले. या लहरींवर धंद्याचा निरोप द्यायचा नाही आणि गाणी वाजवायची नाहीत, फक्त एकमेकांची चौकशी आणि यंत्रांची चर्चा. सरकारी तारसेवा जुलै २०१३ मध्ये कायमची बंद झाली. पण हौशी लोकांनी तिची ती भाषा जगभर जिवंत ठेवली आहे.

नळाचे वॉशर आणि करवतीचे पाते

बाजारात तयार यंत्रे मिळतात, शंभर वॅटची आणि मोठ्या किमतीची. ती शिक्षकाच्या पगारात बसणारी नव्हती. पण लहान यंत्राचा मार्ग मोकळा होता. पाच वॅट किंवा त्याहून कमी ताकदीवर काम करण्याला हौशी लोक क्यूआरपी म्हणतात. अशा प्रेषकाला दोन-तीन ट्रान्झिस्टर आणि क्वार्ट्‌झचा एक स्फटिक पुरतो. माझी संदेशाची किल्ली म्हणजे लाकडी पाटीवर बसवलेला हॅक्सॉच्या पात्याचा तुकडा.

बोलता येईल असे यंत्र हवे असेल, तर हैदराबादच्या अशर फरहान यांनी २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत बिटएक्स नावाची रचना जगाला मोकळेपणाने देऊन टाकली. ताकद सहा वॅटच्या आसपास. कॉइल गुंडाळायला परदेशी कड्या हव्यात, त्या तेव्हा आपल्याकडे सहज मिळत नसत. या गृहस्थाने नळाच्या साध्या वॉशरवर तार गुंडाळून काम भागवले! पुढे परदेशातल्या हौशी लोकांनीही ती रचना आपापल्या घरी जुळवली. अडले की जवळ आहे त्यातून वाट काढायची ही आपल्या शेतकऱ्याचीच रीत, म्हणून ही गोष्ट मला फार आवडते.

माझे यंत्र चालते फवारणी पंपाच्या १२ व्होल्टच्या बॅटरीवर. हंगाम संपला की ती रिकामीच असते. संदेश पाठवताना साधारण एक अँपिअर खर्च होतो आणि ऐकताना त्याहून पुष्कळ कमी. एकदा चार्ज केली की तीन-चार संध्याकाळी निघतात, मग लोडशेडिंग असो वा नसो. तारेचे मापही सोपे आहे. सात मेगाहर्ट्‌झच्या पट्ट्यासाठी एकंदर २० मीटर तार मधोमध तोडून दोन्ही बाजूंना दहा-दहा मीटर ताणायची.

इतक्या थोड्यात जमते कसे?

हा प्रश्न सगळेच विचारतात. उत्तर आकाशात आहे. जमिनीपासून सुमारे शंभर ते तीनशे किलोमीटर उंचीवर हवा अगदी विरळ असते, आणि सूर्याच्या किरणांनी तिथे विद्युतभारित कणांचे थर तयार होतात. आपली लहर त्या थरावर आदळून पुन्हा खाली येते, भिंतीवर मारलेला चेंडू यावा तशी. रात्री सर्वांत खालचा, लहरी गिळणारा थर विरून जातो, म्हणून अंधार पडला की दूरची केंद्रे ऐकू येऊ लागतात.

दुसरी गोष्ट कानाची. ऐकू येणाऱ्या संदेशाला एक ते नऊ अशा पायऱ्या मानतात. एक पायरी वर चढायला ताकद चौपट लागते. म्हणून शंभर वॅटवरून पाच वॅटवर आलो, ताकद विसाव्या हिश्शावर आली, तरी आपण फक्त दोन पायऱ्या आणि थोडे अधिक खाली येतो. समोरचा कान देऊन ऐकणारा असेल तर तेवढ्याने काही बिघडत नाही. त्यात कडकट्ट म्हणजे एकच बारीक सूर. सारी ताकद त्या एका सुरात एकवटते, म्हणून गोंगाटातूनही तो वेगळा उमटतो.

तरी दर वेळी जमतेच असे नाही. कधी तासभर हाका मारल्या तरी कोणी ओ देत नाही. सूर्यावरचे डाग साधारण अकरा वर्षांच्या फेऱ्यात कमी-जास्त होतात आणि तसे आकाशाचे हे थरही बदलतात. भेंडवळच्या घटमांडणीकडे आपला शेतकरी जसे लक्ष ठेवतो, तसे आम्ही सूर्याच्या डागांकडे ठेवतो. ही कोरडवाहू शेतीच म्हणा ना. आपण पेरायचे, पुढचे वरच्याच्या हाती. म्हणूनच पीक आले की आनंद ओलितवाल्यापेक्षा जास्त!

तीन वॅटवर मला पहिले उत्तर आले ते कर्नाटकातून, पाच-सहाशे किलोमीटरवरून. मी 'सी क्यू' म्हणजे 'कोणीही ऐकणारे असाल तर या' अशी हाक देत होतो. पलीकडून सावकाश माझे सांकेतिक नाव कोणीतरी ठोकले. अंगावर काटा आला. तो गृहस्थ निवृत्त रेल्वे कर्मचारी होता. आवाज कसा येतो, पाऊस आहे का, यंत्र कोणते, एवढेच आम्ही बोललो. शेवटी त्याने ७३ ठोकले. आमच्या भाषेत ७३ म्हणजे मनापासून शुभेच्छा: कड-कड-कट्ट-कट्ट-कट्ट, कट्ट-कट्ट-कट्ट-कड-कड. ज्या आवाजाने एकेकाळी आमच्या घरात रडे आणले, त्याच आवाजात एक अनोळखी माणूस माझे भले चिंतीत होता.

वेळेला केळे

ही नुसती करमणूक नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर हौशी रेडिओवाले आपली यंत्रे घेऊन मदतीला गेले होते. २६ डिसेंबर २००४ ला त्सुनामी आली तेव्हा भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी याच छंदासाठी पोर्ट ब्लेअरला आलेले होते. फोन बंद पडले, तेव्हा त्यांच्या यंत्रांवरून अंदमानातल्या माणसांची खुशाली मुख्य भूमीवर पोहोचली. आपल्या जिल्ह्यातही जुलै २०२३ मध्ये संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांत ढगफुटीसारखा पाऊस झाला, शेते खरडून गेली. अशा दिवशी पूल, विजेचे खांब, टॉवर यांतले काय उभे राहील याची हमी कोण देणार? तालुक्यात दोन-चार घरी तरी बॅटरीवर चालणारे असे यंत्र आणि ते चालवता येणारी माणसे असावीत, असे मला मनापासून वाटते.

ज्यांच्या घरी दहा-बारा वर्षांची चौकस मुले आहेत, त्यांनी सुरुवात ऐकण्यापासून करून द्यावी. एक साधा सेट मुलांच्या हातून जुळवून घ्यावा, सोल्डरिंग शिकू द्यावे. मुलींनाही बसवावे, त्यांचा हात बारीक कामात चांगला बसतो, हा माझा शाळेतला अनुभव आहे. मात्र झाडावर तार बांधताना विजेच्या तारांपासून पुरेसे अंतर ठेवावे, त्यांच्या वरून किंवा खालून आपली तार कधीही नेऊ नये. आणि वळवाचे ढग दिसू लागले की यंत्राची तार काढून घराबाहेर टाकावी. वीज कोणाची भीड धरत नाही.

आप्पा आता अधूनमधून येऊन बसतात. परवा श्रीलंकेचा माणूस लागला, तर म्हणाले, "त्याले इचार, तिकडे पाऊस हाय का?" मी विचारले. होता.