पैसा कोठे ठेवावा?

माणसाची पारख त्याच्या खर्चावरून करावी, असे म्हणतात. मला ती त्याच्या शिलकेवरून करणे अधिक आवडते. आमच्या श्रीवर्धनात चार घरी चहा घेतला की उद्याविषयीच्या चार निरनिराळ्या कल्पना ऐकावयास मिळतात. निवृत्त गुरुजींचा सारा भरवसा पोस्टावर. १८८२ साली देशभर सुरू झालेली ती बचत बँक त्यांच्या आजोबांनाही ठाऊक होती, एवढी एकच शिफारस त्यांना पुरते. जीवना बंदरावरचा नाखवा हाती पैसा आला की जाळी घेतो, होडीचे इंजिन बदलतो; त्याच्या घरधनिणीचा ओढा मात्र सोन्याकडे. यात विसंगती कसली? होडी दर्यावर कमावते, आणि जून-जुलैत मासेमारी बंद असता अंगावरचा दागिना गहाण ठेवून चूल पेटती ठेवता येते. मुंबईस नोकरी करणारा आमचा भाचा दरमहा म्युच्युअल फंडात पैसे घालतो व बाजार पडला तरी हसतो. तो तरुण आहे. त्याला थांबावयास सवड आहे.

मी स्वतः मुदत ठेवीचा भक्त. ठेवीची पावती हे माझे आवडते वाङ्मय, कारण त्यातला शेवट आधीच ठाऊक असतो.

३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. आत्याच्या वाडीतल्या रोठा सुपारीच्या पोफळी काड्यांसारख्या मोडून पडल्या. पंधरा दिवसांनी तिने माझ्याकडे रोपांसाठी पैसे मागितले. तिचे वय तेव्हा ७४. मी पेन्सिल घेऊन हिशेब मांडला. पोफळ फळास येण्यास पाच-सहा वर्षे तरी हवीत. त्याच वर्षी फेब्रुवारीत बँकेतील ठेवींवरच्या विम्याची मर्यादा १ लाखावरून ५ लाखांवर गेली होती. तेही मी तिला समजावून सांगितले.

"आत्या, त्यापेक्षा आहे ती पुंजी बँकेत ठेव. दरमहा व्याज तरी हाती येईल. या झाडांची सुपारी तुला कधी मिळायची?"

ती शांतपणे म्हणाली, "अरे, पडलेली झाडं तरी मी कुठे लावली होती? मामंजींनी लावली, मी विकून खाल्ली."

मी पैसे दिले नाहीत. माझा हिशेब बिनचूक होता. तिने पाटल्या मोडल्या, रोपे आणली आणि त्यांना सावली व्हावी म्हणून मध्ये केळी लावल्या. तीन वर्षांनी ती गेली.

परवा तिच्या मुलाने नव्या झाडांची पहिली सुपारी पाठविली. योगायोग असा की, त्याच आठवड्यात माझी एक ठेव पिकली आणि व्याज पैशापर्यंत बरोबर आले. मी सुपारी खात नाही. तरी ती पुरचुंडी टाकवली नाही. पावत्यांच्या खणातच ठेवली आहे. आता पावती काढावयास खण उघडला की आधी तिलाच हात लागतो.