तिसरा पॅड

भोसरीच्या टूलरूममध्ये मी तीस वर्षं फिक्स्चर बनवतोय. मशीन चालू असताना जॉब हलू नये, एवढंच माझं काम. जॉब तीन पॅडवर बसवायचा, दोन बाजूंना टेकवायचा, मग क्लॅम्प आवळायचा. यातलं निम्मं काम जॉबचं वजनच करतं, हे ध्यानात यायला बरीच वर्षं गेली.

चाकणच्या एका कारखान्यासाठी गिअरबॉक्सच्या हाउसिंगचं फिक्स्चर केलं होतं. व्हर्टिकल मशीनवर जॉब आडवा पडायचा. सगळं सुरळीत चाललं. मग काम हॉरिझॉन्टल मशीनवर गेलं. मी तेच पॅड, तेच क्लॅम्प ठेवून जॉब उभा केला. आता त्याचा भार पॅडवर येईना. तिसऱ्या पॅडपाशी केसभर फट राहायची, क्लॅम्प आवळला की तेवढा जॉब वाकायचा, सोडला की बोअर वाकडा. चाळीस हाउसिंग भंगारात गेली. चूक माझी होती.

वजनाचा टेका गेला की काय होतं या कुतूहलानं तेव्हापासून अंतराळवीरांना वजनरहित अवस्थेचा सराव देणाऱ्या विमानांबद्दल मिळेल ते वाचत आलोय. फ्रान्समध्ये बोर्दोहून एक एअरबस ए-310 उडतं. नाक उचलून ते चढताना आतल्या माणसाला आपलं वजन 1.8 पट जाणवतं. मग वैमानिक इंजिनाचा जोर हवेचा विरोध भागण्यापुरताच ठेवतात, आणि विमान भिरकावलेल्या दगडाच्या वाटेनं जातं. माणसं सुमारे 22 सेकंद तरंगतात. एका उड्डाणात 31 वेळा. गुरुत्वाकर्षण मात्र तिथं तसंच असतं. आठ किलोमीटर उंचीवर ते अर्धा टक्कासुद्धा घटत नाही. विमानाचा तळच माणसाबरोबर पडत असतो, मग टेका देणार कोण?

भारताच्या गगनयान मोहिमेसाठी निवडलेल्या चौघा अंतराळवीरांनी 2020-21 मध्ये रशियात इल्युशिन-76 विमानात हा सराव केला. त्यातले शुभांशु शुक्ला आपल्या खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत शिकलेले. जून 2025 मध्ये ते आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर पोचले. तिथं पाय कुठं अडकवला नाही, तर पाना फिरवताना नटाऐवजी माणूसच फिरतो. हे वाचून डोक्याला कळतं, अंगाला कळत नाही. त्या 22 सेकंदांसाठी एवढं मोठं विमान उडवणं मला म्हणूनच योग्य वाटतं.

हाताखालच्या पोरांनो, जॉब आडवा असो की उभा, क्लॅम्प आवळण्याआधी तिन्ही पॅडपाशी फीलर गेज घालून फट राहिलीय का बघा.