पडवीतली पिल्लं

भाटी व्यायली ती पडवीतल्या रिकाम्या गोणपाटावर. चार पिल्लं. आज बाविसावा दिवस. पाठीवरून उलटा हात फिरवला तर बोटांना मिरपुडीसारखं काही लागतं.

ती पूड ओल्या कापसावर ठेवली. मिनिटभरात कडेनं तांबूस डाग फुटला. माती असती तर असा डाग पडला नसता. ही पिसवांची विष्ठा, म्हणजे पिल्लांचंच पचलेलं रक्त.

स्वयंपाकघरातल्या काट्यावर चौघांतल्या काळीचं वजन 340 ग्रॅम. मांजराच्या अंगात किलोमागे 60 मिलिलिटरच्या आसपास रक्त असतं. म्हणजे हिच्या अंगात जेमतेम चार चहाचे चमचे, आणि त्यावर जेवायला बसलेल्या शंभर पिसवा. ओठ उचलून हिरड्या पाहिल्या. भावंडांच्या गुलाबी, हिच्या पांढुरक्या. फणी तशीच ठेवली आणि आधी डॉक्टरांकडे नेलं.

शेजारच्या काकू मायेनंच सांगत होत्या, "रॉकेलचा बोळा फिरव, नाहीतर कापूर चोळ." नको, काकू. पिल्लू अंग चाटतं, आई पिल्लाला चाटते. लावलेलं सगळं पोटात जातं. फिनेलसारखी द्रव्यं मांजराच्या यकृताला नीट मोडता येत नाहीत. कुत्र्यांच्या काही थेंबांत परमेथ्रिन असतं, त्यानं मांजराला झटके येतात, जीवही जातो. मांजरांसाठीचीही बरीच औषधं आठ आठवड्यांखालच्या पिल्लांना चालत नाहीत. एवढ्याशा जिवाला आपले हातच हवेत.

लिखा काढायची बारीक दातांची फणी. शेजारी वाटीत कोमट पाणी आणि भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब. साध्या पाण्यावर पिसू तरंगते आणि निसटते. साबणाच्या पाण्यात तळाशी जाते. नखानं चिरडायच्या फंदात पडू नये. मान, काखा, शेपटीचं मूळ, इथं जास्त सापडतात. पहिल्या दिवशी चौघांच्या मिळून 63.

आंघोळ घालावीच लागली तर आधी गळ्याभोवती फेसाचं कडं करायचं, नाहीतर सगळ्या पिसवा तोंडाकडे धावतात. डोकं भिजवायचं नाही. दोन-तीन मिनिटांत आटोपून लगेच कोरडं करायचं. इतक्या लहान पिल्लाला स्वतःची ऊब राखता येत नाही. थंडीनं ते पिसवांच्या आधी दगावेल. काळीला आंघोळ घातलीच नाही. फडक्यात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली दिली. तिला बिलगून झोपली.

अंगावर दिसतात त्या थोड्याच. मादी दिवसाला चाळीसेक अंडी घालते, ती गुळगुळीत असतात, घरंगळून गोणपाटात आणि फरशीच्या फटींत पडतात. पुढे कोश होतो, आणि कोशातली पिसू महिनोन् महिने वाट बघू शकते; ऊब किंवा पावलांचा हादरा लागला की बाहेर. म्हणून गोणपाट जाळलं. आता जुन्या लुगड्याच्या घड्या, एक दिवसाआड उकळत्या पाण्यातून काढलेल्या. फटींतून रोज झाडू.

भाटीला डॉक्टरांनी वजन बघून मानेवर थेंब घातले. पिल्लांना पाजणारी आहे हे त्यांना आधी सांगितलं. थेंब सुकेपर्यंत तिला पिल्लांपासून दूर ठेवलं. ती दाराशी ओरडत होती, आत चौघं.

फणी फिरवायला लागल्याचा बारावा दिवस. फणीला दोन. काळी 460 ग्रॅम, हिरड्यांवर रंग आलाय. काट्यावर बसेना आज, माझ्या बाहीला लोंबकळली.