अम्मीची गोळी

अम्मीने ब्लडप्रेशरची गोळी बंद केली आहे, हे मला चौथ्या रोज्याला कळले. गोळ्यांचे पाकीट पानदानाशेजारी जसेच्या तसे होते. विचारले तर म्हणाली, "सर दुखता नहीं, चक्कर नहीं. अच्छी हूँ तो गोली कायकू खाऊँ?"

अब्बाही हेच म्हणत. सहा वर्षांपूर्वी फजरला वजू करताना त्यांच्या उजव्या हातातून लोटा गळून पडला. बीडहून अंबाजोगाईला नेले. जीव वाचला, वाचा गेली. आता तसबीह डाव्या हाताने फिरवतात.

मी उर्दू शाळेत विज्ञान शिकवते. हृदयाचे चित्र फळ्यावर सहज काढते. घरात मात्र माझी विद्या चालत नाही. मोहल्ल्यात एक समज पक्का आहे, गोळीची सवय लागते. खरे तर सवय लागत नाही, आजारच जात नाही. अम्लोडिपिन रक्तवाहिन्या सैल करते, एवढेच. ती थांबवली की काही दिवसांत दाब पुन्हा चढतो आणि चढताना बहुधा आवाज करीत नाही.

अम्मीचा विश्वास जडीबुटीवर. म्हणून तिला सर्पगंधेची, युनानीतल्या असरोलची हकीकत सांगितली. दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजात सलीमुज्जमान सिद्दीकींनी 1931 साली तिच्या मुळातून एक द्रव्य वेगळे केले आणि हकीम अजमल खानांच्या नावावरून त्याला अजमलीन म्हटले. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकिलांनी 1949 मध्ये याच मुळाचा रक्तदाबाच्या रोग्यांवरील अनुभव ब्रिटिश नियतकालिकात मांडला, तेव्हा जगाचे लक्ष गेले. 1952 मध्ये तिच्यातूनच रेसर्पीन निघाले. पण त्याने काही रोगी खिन्न होत. पुढे अधिक सोसवणारी औषधे आली आणि ते मागे पडले. जडीबुटीही निरुपद्रवी नसते, हे मला सांगायचे होते. अम्मीने फक्त हकीमसाहेबांचे नाव ऐकले!

रोज्याचा प्रश्न मात्र खरा होता. डॉक्टरांना विचारले. तिच्या गोळीचा असर दिवसभर टिकतो, म्हणून इफ्तारनंतर रोज ठरल्या वेळी घ्यायला सांगितले. शेजारच्या खालांना लघवी वाढवणारी गोळी आहे. त्यांना वेगळा सल्ला मिळाला. एकीचे पाहून दुसरीने वेळ बदलू नये.

आता खजूर, पाणी, मगरिबची नमाज, मग गोळी. पाकीट मी रोज मोजते, हे तिला ठाऊक आहे. लोणच्यावरून भांडण अजून चालूच आहे.